पेठच्या बाजारातली खेकड्यांची पाटी

जून आणि जुलै हे दोन महिने मासे खाणाऱ्या माणसाला जड जातात. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांचा अंडी घालण्याचा काळ असतो आणि दर्याही खवळलेला असतो. नाशिकच्या बाजारात या दिवसांत जे दिसतं ते बर्फातलं, लांबून आलेलं आणि भावाला चढं. म्हणून कोकणातल्या शहाण्या बाया मे महिन्यातच आगोटीची बेगमी करून ठेवतात. सुके बोंबील, जवळा, सोडे डब्यात बंद, वर पावसाची हवा लागू नये म्हणून फडकं. आम्ही घाटावरचे, आमची बेगमी बाजारातून.

मला सुक्या बोंबलाचं कालवण आवडतं आणि त्यासोबत नागलीची भाकरी. हे जोडपं मी पहिल्यांदा पेठला जेवलो होतो, बऱ्याच वर्षांपूर्वी. घरी पुष्कळदा करून पाहिलं, तशी गोडी आली नाही. जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी आम्ही चौघं दोस्त गाडी काढून पेठच्या आठवडे बाजाराला निघालो. एक आमचे मास्तर, उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, मूळ मालेगावचे. दुसरा दापोलीकडचा कोकणी दोस्त, नाशकात त्याचं दुकान आहे. तिसरे मौलवीसाहेब, वयाने आमच्यात सगळ्यांत लहान, पण किताबांच्या बाबतीत आम्ही त्यांच्यापुढे बसतो.

खरं तर त्या सकाळी गाडीत जरा अवघडलेपण होतं. मास्तरांच्या धाकट्या लेकीला कोकणी दोस्ताच्या नात्यातून स्थळ आलेलं. मुलगा चांगला, घर दीनदार, हुंड्याचं नाव नाही. सगळं जमत आलं आणि मास्तरांच्या बेगमसाहेबांनी एक सवाल टाकला. "त्यांच्याकडे खेकडे शिजतात. माझी पोर त्याच भांड्यात जेवणार का?" पंधरा दिवस झाले, मास्तरांनी होय-नाही काहीच कळवलं नव्हतं. मध्यस्थ म्हणून कोकणी दोस्ताला तिकडून रोज फोन. दोघं एकमेकांशी बोलत होते ते पावसाबद्दल.

नाशिकहून निघालं की रामशेजचा किल्ला डावी-उजवी करत मागे पडतो, मग करंजाळी, कोटंबीचा घाट आणि पेठ. पन्नास-पंचावन्न किलोमीटरचा रस्ता. पुढे हाच रस्ता गुजरातेत कपराड्यावरून वापीला, म्हणजे समुद्राच्या अंगाला उतरतो. पेठच्या बाजारात सुकी मासळी दिसते त्यात म्हणून नवल नाही. इथलं पाणीही पश्चिमेलाच वाहतं. दमणगंगा याच डोंगरांतून निघून दमणला समुद्राला मिळते.

पेठ म्हटलं की आज दुर्गम आदिवासी तालुका एवढंच लोकांच्या डोळ्यांसमोर येतं. हे एके काळी संस्थान होतं, हे आपल्यातल्याही फार थोड्यांना माहीत आहे. इथल्या दळवी राजघराण्याची एक शाखा औरंगजेबाच्या काळात मुसलमान झाली. पुढे वारस राहिला नाही, इंग्रजांनी कारभार हाती घेतला आणि बेगम नूरजहाँ यांना पेन्शन बांधून दिलं. १८७८ साली बेगम वारल्या आणि पेठ इंग्रजी मुलुखात जमा झालं. घाटात धुकं उतरलेलं असताना मास्तरांनी हा इतिहास सांगितला. शाळेत सांगायचे तसाच, मध्येच प्रश्न विचारत.

बाजारात प्लास्टिकच्या कागदाखाली सुकी मासळी मांडलेली होती. बोंबील, सुकट (कोकणी दोस्त तिला जवळा म्हणतो), बारीक मांदेली. बोंबील हा मासा मोठा मजेशीर. ताजा असताना नुसतं पाणी, हातात धरला तर सुटतो. त्यामुळेच तो वाळवावा लागतो. वर्सोवा, वसई, अर्नाळ्याला बांबूच्या आडव्या काठ्यांवर दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून उन्हात टांगलेले असतात. वाळला की काडीसारखा हलका होतो आणि मग कितीही घाट चढतो. ज्या गावात बर्फ पोचत नाही तिथे समुद्र हा असा पोचतो. नागली आणि भातावर राबणाऱ्या माणसाच्या ताटात वर्षभर थोडं खारं, थोडं कसदार असं काही असतं ते यामुळेच. शहरातले लोक सुक्या मासळीच्या वासाला नाक मुरडतात. मुरडोत. भाव तेवढा आवाक्यात राहील.

विकत घेताना एक बघावं. बोंबील वाकवल्यावर मऊ लागला तर ओल धरलेली आहे, घेऊ नये. कटकन मोडला पाहिजे. रंग पिवळट-पांढरा असावा, लालसर झालेला जुना असतो.

बोंबील घेऊन वळलो तर एका आजींपुढे पाटी, तिच्यात पळसाच्या पानांखाली खेकडे. पहिल्या पावसात बिळांतून बाहेर पडून बांधावर, वाटेवर फिरतात ते. कोकणी दोस्ताची पावलं थांबली. "काळ्या पाठीचे आहेत, रस्सा फर्मास होईल," असं म्हणून तो भाव विचारायला खाली बसला. मास्तर दोन पावलं मागे सरले. पंधरा दिवस जे तोंडावर येत नव्हतं ते आता पाटीत नांग्या हलवत होतं.

मौलवीसाहेब म्हणाले, "भाई, आधी माझं ऐका, मग घ्या."

आम्ही चहाच्या टपरीच्या बाकावर बसलो. पुढची चर्चा तासभर चालली. मुद्द्यापुरती इथे देतो, कारण हा सवाल मास्तरांच्या एकट्या घरातला नाही. कोकणी आणि देशावरच्या घराण्यांत आता सोयरिकी होतात आणि स्वयंपाकघरात हाच पेच पडतो.

समुद्राची शिकार आणि तिचं अन्न हलाल असल्याचं सूरह माइदाच्या ९६ व्या आयतीत आलं आहे, तेही मुक्कामी आणि मुसाफिर दोघांच्या सोयीसाठी. समुद्रावर जाणाऱ्या लोकांनी प्रेषित (स.) यांना विचारलं होतं की गोडं पाणी थोडंच जवळ असतं, तर समुद्राच्या पाण्याने वुजू चालेल का? त्यांना पाण्याबद्दल जवाब मिळालाच, वर समुद्रातलं मेलेलंही हलाल असल्याचं न विचारता सांगितलं गेलं. माशाला जबह लागत नाही तो यामुळे. इथवर सगळे इमाम एक आहेत.

पुढे वाटा फुटतात. हनफी मस्लकात पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा खायचा, आणि आपसूक मरून उलटा तरंगणारा मासा तोही नाही. शाफई मस्लकात दार बरंच मोठं आहे. कोकणातले मुसलमान शाफई. अरबस्तानाशी समुद्रमार्गे जुना संबंध, किनाऱ्यावरची वस्ती, तिथे हेच मस्लक रुजलं. देशावर आणि उत्तरेकडून आलेल्या घराण्यांत हनफी. कोळंबीवर तर खुद्द हनफी उलेमांतच दोन मतं आहेत. मौलाना अशरफ अली थानवी यांनी तिला मासा मानलं, दमीरीच्या 'हयातुल हैवान' या जुन्या ग्रंथाचा आधार घेऊन. दुसरे उलेमा टाळलेलं बरं म्हणतात. सुकट ही बारीक कोळंबीच, त्यामुळे मास्तर सुकट खातात आणि त्यांचे थोरले भाऊ खात नाहीत. एका घरात हे चालतं, यावर कोकणी दोस्ताने लगेच बोट ठेवलं.

"मग खेकडा आमच्याकडे हलाल, यांच्याकडे नाही. मिटलं," तो म्हणाला.

"तुमच्याकडेही इतकं सोपं नाही," मौलवीसाहेब हसले. इमाम नववी हे शाफई मस्लकाचे मोठे इमाम. त्यांच्या 'मिन्हाज'मध्ये पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे जगणारे जीव हराम म्हटले आहेत, आणि उदाहरणात बेडकाबरोबर खेकड्याचंही नाव आहे. त्यांच्याच 'मजमूअ'मध्ये मात्र बेडूक सोडून समुद्रातलं सगळं हलाल असल्याचं मत त्यांनी उचलून धरलं आहे. समुद्रातली चिंबोरी खाणारे दुसऱ्या मताचा आधार घेतात. पण पेठच्या बांधावरचा हा खेकडा? याने समुद्र पाहिलेला नाही. बिळात राहतो, पावसात वाटेवर चालत येतो. "याच्यासाठी आधी तुमच्या दापोलीच्या आलिमांना फोन करा, मी हनफी आहे, माझ्यावर ढकलू नका."

कोकणी दोस्ताचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. जन्मभर जो मसला आपण दुसऱ्याला सुनावला तो आपल्याच किताबात इतका बारीक आहे, हे त्याला नवीन होतं. त्याने फोन केला नाही. पाटीकडे एकदा बघितलं आणि चहा प्यायला.

आता राहिलं भांडं. मास्तरांनी तोंड उघडलं ते इथे. आपल्या बेगमचा सवाल त्यांनी जसाच्या तसा मांडला, आवाज जरा कापरा होता. मौलवीसाहेबांनी दिलेला जवाब मला फार मोलाचा वाटला. एखादी गोष्ट खायची नाही याचा अर्थ ती नापाक आहे असा होत नाही. हनफी मदरशात अगदी सुरुवातीला शिकवतात त्या 'कुदूरी'तच लिहिलं आहे की पाण्यात राहणारा जीव पाण्यात मेला तर पाणी खराब होत नाही, आणि तिथे मासा, बेडूक यांच्याबरोबर खेकडा नाव घेऊन आला आहे. ज्याच्या मरण्याने वुजूचं पाणी बिघडत नाही, तो शिजला म्हणून पातेलं कायमचं कसं बाटेल? धुतलं की झालं. मुलीने खाऊ नये, सासरच्यांनी आग्रह करू नये. मांडायचा सवाल आहे तो आग्रहाचा, आणि तो निकाहाआधीच मोकळेपणाने मांडावा.

मग त्यांनी घोरपडीसारख्या प्राण्याची, 'दब्ब'ची हदीस सांगितली. दस्तरखानावर ते मांस आलं, प्रेषितांनी (स.) हात आखडता घेतला. हराम आहे का, असं हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी विचारलं. नाही, आमच्या मुलखात हे नसतं, मला रुचत नाही, असा जवाब मिळाला. हजरत खालिद यांनी ते पुढे ओढून खाल्लं आणि प्रेषित (स.) बघत होते. एकाच दस्तरखानावर एक खातो, एक खात नाही आणि कोणी कोणाला बोल लावत नाही. मास्तर बराच वेळ गप्प होते.

जेवण मास्तरांच्या एका जुन्या सहकाऱ्यांकडे होतं. ते कोकणा समाजाचे, पेठलाच स्थायिक. वहिनींनी आमच्यासाठी नवं कोरं मातीचं मडकं काढलं होतं, आम्ही काही सांगितलेलं नसताना. हलालच्या कारणाने प्रवासात आपली पंचाईत होते तिथे मासा नेहमी सोडवतो, आणि हे त्यांना माहीत होतं.

कालवणाची रीत विचारून घेतली. बोंबील आधी निखाऱ्यावर सरसर फिरवायचे, डोकं-शेपूट काढून बोटभर तुकडे करायचे, गरम पाण्यात दोनदा धुवायचे. तव्यावर भाजलेला कांदा, भरपूर लसूण आणि लाल मिरची पाट्यावर वाटायची. तेलात वाटण परतून, वांग्याच्या फोडी घालून पाणी, आणि वांगं अर्धं शिजल्यावर बोंबील. मीठ अगदी शेवटी, चाखून, कारण मासा आपलं मीठ घेऊन आलेला असतो. मी घरी भाजण्याऐवजी तळत होतो. गोडीचं गुपित निखाऱ्यात होतं.

जेवताना गोष्टी निघाल्या. हजरत अबू उबैदा (रजि.) यांच्या तुकडीत तीनशे माणसं, रोज एकेक खजूर, मग झाडाचा पाला खाण्याची पाळी. अशा वेळी किनाऱ्यावर डोंगराएवढा मासा येऊन पडला. त्याच्या फासळीखालून स्वारासकट उंट गेला, असं हजरत जाबिर (रजि.) सांगतात. मदिनेला परतल्यावर त्यातलं उरलेलं प्रेषितांनीही (स.) खाल्लं. मौलवीसाहेबांनी सूरह कहफची आठवण काढली. हजरत मूसा (अलै.) प्रवासात थकून सोबतच्या तरुणाकडे न्याहारी मागतात आणि कळतं की मासा तर मागेच, समुद्रात निघून गेला. जिथे मासा हरवला तिथेच ज्याला भेटायचं होतं तो भेटला. आमच्या यजमानांनी ही गोष्ट दोनदा ऐकली. त्यांना मासा निसटण्याचा भाग आवडला. वहाळातल्या माशांची त्यांना ती खोड माहीत होती.

हात धुताना मास्तरांनी शेवटची शंका काढली. पोर खाणार नाही हे ठीक, पण सासूने खेकडे साफ करायला सांगितले तर?

"आमच्या घरी चिंबोऱ्या मी मोडतो," कोकणी दोस्त म्हणाला. "माझ्या बेगमला विचारा. तिने पंचवीस वर्षांत नांगीला हात लावलेला नाही. भितेच ती."

परतताना घाटात पाऊस जोरात लागला. पाऊण किलो बोंबील आणि अर्धा किलो सुकट डिकीत होती, तिचा वास पुढच्या सीटपर्यंत आला होता. करंजाळीच्या पुढे मास्तरांनी मागे न वळता कोकणी दोस्ताला सांगितलं, "तुमच्या पाहुण्यांना कळवा, रविवारी या म्हणावं. जेवायला मटण असेल."