हंशाचे दोन धनी

बोरी बुद्रुकहून नारायणगांव कांहीं फार दूर नाहीं. चैत्रांतल्या जत्रा जवळ आल्या, कीं तेथें तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गांवोगांवचे पंच सुपारी देण्यास जमतात. आपल्या सुशिक्षित घरांतून या कलेकडे पाहून नाक मुरडण्याची चाल जुनी आहे. परंतु वगांतला सोंगाड्या नीट पाहिला, तर विनोदाचें एक मर्म ध्यानांत येतें. तो एकटा कधींच हंसवीत नाहीं. त्याच्यासमोर गंभीर मुद्रेचा राजा उभा असावा लागतो.

मराठी बोलपटांत अशी जोडी जमली ती आचार्य अत्रे व मास्टर विनायक यांची. अत्रे मूळचे सासवडकडचे. पेशानें शिक्षक व लेखणीनें नाटककार. विनायक कोल्हापूरचे, नट आणि दिग्दर्शक. बाबूराव पेंढारकर व छायालेखक पांडुरंग नाईक यांच्यासह विनायकांनीं १९३६ सालीं 'हंस पिक्चर्स' काढली. पुढल्याच वर्षीं 'धर्मवीर' व 'प्रेमवीर', १९३८ सालीं 'ब्रह्मचारी' आणि १९३९ सालीं 'ब्रँडीची बाटली' असे अत्र्यांनीं लिहिलेले व विनायकांनीं दिग्दर्शित केलेले बोलपट आले.

'ब्रह्मचारी'तला औदुंबर एक व्याख्यान ऐकतो, आजन्म ब्रह्मचर्याचा निश्चय करतो व आश्रमांत दाखल होतो. तेथें किशोरी येते आणि निश्चयाची परीक्षा सुरू होते. विनायकांनीं ही भूमिका स्वतः केली. औदुंबराला त्यांनीं लबाड केलें नाहीं, तो अगदीं मनापासून व्रतस्थ आहे. म्हणूनच हंसूं येतें. 'ब्रँडीची बाटली'तल्या दामुअण्णा मालवणकरांच्या बगारामाचेंही तेंच. ब्रँडी म्हणजे काय हेंच त्या भाबड्या कारकुनास ठाऊक नसतें. मीनाक्षीबाईंच्या पोहण्याच्या पोषाखावरून त्या वेळीं गहजब झाला. परंतु खरा बाण होता तो व्याख्यानें ऐकून रात्रींत शपथा घेणाऱ्या आपल्याच वर्गावर. आपण तो हंसत झेलला, हें आपल्या घरांना भूषणावह आहे.

इटलींतही अशी एक जोडी होऊन गेली: फ्रांको कास्तेल्लानो (१९२५–१९९९) व 'पिपोलो' या नांवानें लिहिणारे ज्युझेप्पे मोच्चा (१९३३–२००६). लेखन व दिग्दर्शन दोन्ही ते मिळून करीत. १९८४ सालच्या त्यांच्या एका चित्रपटांत चाळिशीचा शेतकरी गांव सोडून मिलान शहरीं जातो. बोरीसारख्या गांवांतून मुंबईस गेलेल्यांना त्याची फजिती परकी वाटणार नाहीं. ही जोडी अनेक वर्षें टिकली.

आपली मात्र टिकली नाहीं. १९४० सालच्या 'अर्धांगी'नंतर वाटा निराळ्या झाल्या. अत्र्यांनीं स्वतःची संस्था काढली, विनायकांनीं 'प्रफुल्ल'. विनायक १९४७ सालीं अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षीं गेले. अत्र्यांच्या १९५३ सालच्या 'श्यामची आई'स राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें. पण त्या चित्रपटानें महाराष्ट्रास रडविलें.

'ब्रह्मचारी' आजही पाहावयास मिळतो. एखाद्या रविवारीं आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनीं तो एकत्र पाहावा. औदुंबराच्या जागीं घरांतलें कोण कोणास दिसलें, हें मात्र ज्यानें त्यानें आपल्याशींच ठेवावें.