बॅटरीचा कार्पेट एरिया

वीज कशात मोजतात, हे महाराष्ट्रात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. युनिटात. महिन्याचं बिल युनिटावर येतं, फ्रिज आणि एसीच्या स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं. तीच वीज साठवणारी इन्व्हर्टरची बॅटरी घ्यायला गेलं, की मात्र माप बदलतं. 'दीडशेची देऊ की दोनशेची?' दीडशे म्हणजे 150 अँपिअर-अवर, दुकानाच्या भाषेत 'एएच'. गिऱ्हाईक मान डोलावतं, पैसे मोजतं आणि पुढच्या वेळी रात्री बराच वेळ वीज गेली आणि तीन-चार तासांत पंखे बंद पडले, की कंपनीच्या नावानं बोटं मोडतं.

एएच हा आकडा खोटा नाही, अर्धा आहे. करंट किती आणि किती वेळ मिळेल, एवढंच तो सांगतो. साठवलेली ऊर्जा काढायची तर त्याला व्होल्टनं गुणावं लागतं. 12 व्होल्टची 150 एएच बॅटरी म्हणजे 1800 वॉट-अवर, अर्थात 1.8 युनिट. बाजारात लिथियमच्या दोन पेट्या शेजारी शेजारी दिसतात आणि दोन्हींवर '100 एएच' लिहिलेलं असतं. एक 12.8 व्होल्टची, दुसरी 51.2 व्होल्टची. पहिलीत 1.28 युनिट, दुसरीत 5.12. आकडा तोच, माल चौपट. अशा मापावर कुणी तुलना कशी करावी?

दोन बॅटऱ्या जोडण्यावरूनही असाच घोळ होतो. सिरीजमध्ये जोडल्या तर 24 व्होल्ट, 150 एएच. पॅरललमध्ये जोडल्या तर 12 व्होल्ट, 300 एएच. कुणी म्हणतं व्होल्ट वाढले म्हणजे बॅकअप वाढला, कुणी म्हणतं एएच वाढले तरच वाढतो. साठा दोन्हीकडे 3.6 युनिटच. फरक पडतो तो करंटमध्ये. हजार वॉटचा लोड 12 व्होल्टवर चालवायचा तर सुमारे 83 अँपिअर ओढावे लागतात, 48 व्होल्टवर जेमतेम 21. वायरीत उष्णता होऊन वाया जाणारी वीज करंटच्या वर्गानं वाढते. म्हणजे करंट चौपट झाला तर त्याच वायरीत नासाडी सोळापट. मोठ्या इन्व्हर्टरला 24 किंवा 48 व्होल्टची बँक लागते ती यासाठी. जास्त तास दिवे जळावेत म्हणून नव्हे.

गुणाकार जमला तरी हिशेब संपत नाही. 150 हा आकडा बहुधा 'सी20' चा असतो: वीस तास सावकाश, साडेसात अँपिअर या बेतानं बॅटरी रिकामी केली तर भरणारा. सोलरसाठीच्या बॅटऱ्यांवर साधारणपणे दहा तासांचा, 'सी10' चा आकडा असतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरीतून जितक्या घाईनं वीज उपसाल तितकी ती एकूण कमी देते, म्हणून या दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. त्यात ती रोज तळापर्यंत रिकामी केली तर आयुष्य झपाट्यानं घटतं. टिकवायची असेल तर निम्म्यावर थांबणं बरं. उरलेल्या 0.9 युनिटातून इन्व्हर्टरची घट वजा केली की हाती येतं पाऊण युनिट. 75 वॉटचे दोन साधे पंखे, चार एलईडी दिवे आणि वायफायचा राउटर मिळून दोनशे वॉटच्या आसपास जातात. म्हणजे पावणेचार तास. पंखे बदलून तीसेक वॉटचे बीएलडीसी लावले तर तीच बॅटरी सात तास पुरते. दुसरी बॅटरी विकण्याच्या नादात हा स्वस्त उपाय गिऱ्हाइकाला सांगतो कोण?

बिल्डरही पूर्वी 'सुपर बिल्ट-अप'चे फुगीर चौरस फूट सांगत. रेरा कायदा 2017 मध्ये पुरता लागू झाला आणि प्रत्यक्ष वापरायला मिळणारा कार्पेट एरिया सांगणं बंधनकारक झालं. बॅटरीचा एएच हा असाच सुपर बिल्ट-अप आहे. लिथियमची पेटी ऐंशी-नव्वद टक्के वापरता येते, लेड-अ‍ॅसिडची निम्मी. त्यामुळे 12.8 व्होल्टची शंभराची लिथियम दीडशेच्या लेड-अ‍ॅसिडपेक्षा रोजच्या वापरात जास्त वीज देते, आणि तरीही लेबलवर छोटी दिसते.

व्होल्ट छापलेले असतातच, ज्यानं त्यानं गुणावं, असा युक्तिवाद यावर होईल. पण मग पॉवर बँकेवर वॉट-अवर का छापतात? विमानात परवानगीशिवाय नेता येणाऱ्या पॉवर बँकेची मर्यादा शंभर वॉट-अवरची आहे, एएचची नव्हे. सुरक्षेचा प्रश्न आला की जगभर ऊर्जेचंच माप धरतात. इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरीही किलोवॉट-अवरमध्ये, म्हणजे सरळ युनिटात सांगितली जाते. अडतं ते फक्त घरातल्या बॅटरीपाशी.

हा प्रश्न आता वाढणार आहे. 2020 च्या 'निसर्ग' वादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांनी आठवडेच्या आठवडे अंधारात काढले. पंतप्रधान सूर्यघर योजनेतून छपरावर पॅनेल येत आहेत; पण बॅटरी नसलेली ऑन-ग्रिड यंत्रणा लाइन गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद होते, हे अनेकांना पहिल्यांदा वीज गेल्यावरच कळतं. मग पावलं बॅटरीच्या दुकानाकडे वळतात, आणि तिथे जुनंच माप वाट पाहत असतं.

भारतीय मानक ब्युरो आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो यांनी घरगुती बॅटरीच्या लेबलवर तीन गोष्टी ठळक छापायला लावाव्यात: एकूण युनिट, ते किती तासांच्या दरानं मोजले, आणि आयुष्य न घटवता त्यातले रोज वापरता येणारे किती. नवं संशोधन नको, नवी यंत्रं नकोत. कारखान्याकडे हे आकडे असतातच. त्यांच्याशिवाय वॉरंटीची वर्षं ठरवता येत नाहीत. जे विकणाऱ्याला ठाऊक आहे ते हजारो रुपये मोजणाऱ्यापासून दडून राहावं, याला तांत्रिक कारण एकही नाही.