विसण

दरवर्षी नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी एक वाद ठरलेला. मी म्हणतो, पाणी कढत आहे, सौ. म्हणते, कोमट आहे. शेवटी तांब्याभर विसण पडते आणि वाद मिटतो. दोन-तीन अंशांनी माणसाचे काय बिघडते? पण ज्याला विसण घेता येत नाही आणि जागचे हलताही येत नाही, त्याने काय करावे? सामन माशाच्या अंड्यांबद्दल वाचताना हाच प्रश्न माझ्या मनात आला.

कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो नदीत चिनूक सामनची एक शाखा हिवाळ्यात समुद्रातून वर येते आणि ऐन उन्हाळ्यात अंडी घालते. मादी शेपटीने गोट्यांत खळगा करते, अंडी पुरते आणि थोड्याच दिवसांत मरते. पुढचे सारे पाण्याच्या हवाली. पाणी १० अंश सेल्सिअस असेल तर अंडे साधारण ५० दिवसांत फुटते. पाणी ऊन असेल तर त्याहून लवकर. तुम्ही म्हणाल, बरेच झाले की! पण गोम इथेच आहे. ऊन पाण्यात गर्भ झपाट्याने वाढतो, त्याला प्राणवायू जास्त लागतो. आणि ऊन पाण्यात प्राणवायू विरघळतो मात्र कमी. कवचातून झिरपेल तेवढ्यावरच गर्भाची गुजराण. भूक वाढावी आणि त्याच दिवशी रेशन कमी व्हावे, तशी गत! प्रयोगशाळेच्या खळखळत्या पाण्यात सुमारे १५ अंशांपर्यंत तगणारी अंडी नदीच्या गोट्यांत, जिथे प्रवाह मंद असतो, १२ अंशांपुढेच दगावू लागतात, असे २०१७ सालच्या एका अभ्यासात दिसले.

मग या माशाने उन्हाळाच का निवडावा? कारण त्याचे माहेर वरच्या अंगाला, मॅक्क्लाउडसारख्या नदीत होते. तिथे झऱ्यांचे पाणी, भर उन्हाळ्यातही गार. १९४५ साली शास्ता धरण पुरे झाले आणि माहेरची वाट बंद झाली. तेव्हापासून अंडी पडतात ती धरणाखालच्या तापलेल्या खोऱ्यात. विसण घालण्याचे काम माणसाच्या अंगावर आले! तळाचे गार पाणी हवे तेव्हा सोडता यावे म्हणून १९९७ साली धरणाला खास दारे बसविली. पण तेच पाणी शेतीलाही हवे असते. २०१४ आणि २०१५ च्या दुष्काळात गार पाण्याचा साठा पुरला नाही, आणि अंडी-पिले मिळून शंभरातली सुमारे पंच्याण्णव गेली.

२०२२ साली विनेमेम विंटू या तिथल्या आदिवासी जमातीच्या साथीने सरकारी खात्यांनी सुमारे ४० हजार अंडी मॅक्क्लाउडच्या पाण्यात नेऊन ठेवली. जवळजवळ ऐंशी वर्षांनी माहेरपण झाले म्हणायचे.

यंदा पहाटे मी वाद घालणार नाही. विसणाला तांब्या आहे आणि हाक मारली तर ओ देणारे माणूस आहे. एवढे भाग्य त्या अंड्याच्या वाट्याला कुठले?