प्लास्टिकचे अपथ्य आणि पादांशिक क्रम

रुग्ण समोर बसला की त्याने काय खाल्ले, केव्हा खाल्ले, किती खाल्ले हे आपण बारकाईने विचारतो. कशात खाल्ले, हे मात्र सहसा विचारत नाही. वास्तविक हा प्रश्न आपल्या शास्त्राला परका नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ४६व्या अध्यायात कोणता पदार्थ कोणत्या पात्रात द्यावा याचे विवेचन आले आहे. तूप लोखंडाच्या पात्रात, पेया रुप्याच्या पात्रात, फळे पानांवर, पाणी व पानके मातीच्या भांड्यात असे ते सांगणे आहे. आहारद्रव्याचा विचार पात्रासह करावयाचा, ही दृष्टी त्यामागे दिसते. आज उकळती आमटी पातळ पिशवीत बांधून घरी येते, आंबट लोणचे प्लास्टिकच्या बरणीत वर्षभर मुरते, तान्ह्या बाळाचे दूध प्लास्टिकच्या बाटलीत कोमट केले जाते. आणि आम्ही वैद्यमंडळी नाडी पाहून पथ्यापथ्याची यादी लिहून देतो. पात्राचा रकाना कोराच राहतो.

उष्ण, अम्ल आणि स्निग्ध पदार्थ प्लास्टिकमधील घटक अधिक प्रमाणात ओढून घेतात, हे आता सर्वमान्य आहे. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२० साली पॉलिप्रॉपिलीनच्या दूधबाटल्यांची परीक्षा केली. तीत एका लिटरमागे १ कोटी ६० लाखांपर्यंत सूक्ष्म कण बाहेर पडल्याचे आढळले, आणि पाणी जितके गरम तितके हे प्रमाण वाढते असे दिसले. २०२४ साली इटलीतील संशोधकांनी मानेतील रोहिणीतून काढलेल्या मेदसंचयांची तपासणी केली. पाठपुरावा पूर्ण झालेल्या २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या संचयात पॉलिथिलीन सापडले, आणि ज्यांच्यात प्लास्टिक सापडले त्यांच्यात पुढील काळात हृद्रोग, पक्षाघात व मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. यावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही, आणि तसे रुग्णाला सांगूही नये. परंतु संशयित अपथ्याबाबत, त्यातही बालकांच्या बाबतीत, वैद्याने सावधपणाच्या बाजूला उभे राहावे हे उचित होय.

आम्ही ज्या पनवेलमध्ये व्यवसाय करतो त्या गावाला हा विषय केवळ ग्रंथातून कळलेला नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवसांत गाढी नदीचे पाणी पनवेलच्या वस्तीतही शिरले. मुंबईतील गटारे तुंबण्यास प्लास्टिकच्या पिशव्यांचा हातभार लागला हे त्या वेळी सर्वांच्या ध्यानी आले आणि राज्य शासनाने ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांवर निर्बंध घातले. त्यानंतर पनवेल वाढतच गेले. १८५२ साली नगरपालिका लाभलेले हे गाव १ ऑक्टोबर २०१६ पासून महानगरपालिका झाले. खारघर, कळंबोली, कामोठे या वसाहती त्यात आल्या. वस्तीबरोबर कचराही वाढला. पावसाळ्यात नाल्यातून वाहून गेलेली पिशवी गाढीतून खाडीच्या कांदळवनात जाऊन अडकते, आणि उन्हाळ्यात उकिरड्यावरची पिशवी गाईच्या पोटात जाते. गोघृताचे गुण सांगणाऱ्या आपणांस ही दुसरी गोष्ट विशेष लागावयास हवी.

कायदे झाले नाहीत असे नाही. २३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने पिशव्या, थर्माकोल आणि एकदाच वापरून टाकण्याच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. २३ जूनपासून दंडाची कारवाई सुरू झाली: पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. पुढे १ जुलै २०२२ पासून केंद्र शासनाने ताटल्या, पेले, चमचे, नळ्या, फुग्यांच्या काड्या, सजावटीचा थर्माकोल अशा वस्तू देशभर बंद केल्या; ३१ डिसेंबर २०२२ पासून पिशवीची किमान जाडी १२० मायक्रॉन ठरली. तरीही मंडईत पातळ पिशवी मिळते, हे कोणी नाकारणार नाही.

त्याचे कारण केवळ अंमलबजावणीत नाही, असे आमचे मत आहे. आमच्याच घरचा दाखला देतो. जून २०१८ मध्ये दंडाच्या बातम्या वाचून आम्ही उत्साहाच्या भरात एका रविवारी घरातील सगळे प्लास्टिक बाहेर काढले. मुलांचे डबे, बाटल्या, स्वयंपाकघरातील बरण्या, सगळे. पर्यायी भांडी घरात पुरेशी नव्हती. मुलीच्या नव्या डब्यातून भाजीचा रस्सा दप्तरात सांडला, पावसात कागदाची पिशवी फाटून कांदे रस्त्यावर गेले, सौभाग्यवतींचे काम दुप्पट झाले. महिनाभरात जुन्या वस्तू एकेक करून परतल्या, आणि मुलांच्या मनात मात्र ‘हे आपल्याला जमत नाही’ एवढाच बोध राहिला. अपयशाचा हा बोध प्लास्टिकपेक्षाही वाईट.

चूक कोठे झाली हे उमगण्यास ग्रंथच उघडावा लागला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात सवयीचे अपथ्य कसे सोडावे ते सांगितले आहे. ते एकदम सोडावयाचे नसते. अहिताचा एक पाद सोडावा, त्याच्या जागी हिताचा एक पाद घ्यावा. तो अंगवळणी पडला की पुढचा पाद, आणि मधले अंतर क्रमाने वाढवीत न्यावे. अशा क्रमाने गेलेले दोष परत येत नाहीत आणि क्रमाने आलेले गुण डळमळत नाहीत, असा त्याचा आशय आहे. तंबाखू सोडविताना, दिवसा झोपण्याची सवय मोडताना आपण हाच क्रम रुग्णाला सांगतो. सासरमाहेरच्या सात पिढ्यांत नसलेले, पण आमच्या पिढीला पूर्ण सात्म्य झालेले हे प्लास्टिक मात्र आम्ही एका रविवारी सोडावयास निघालो होतो. पुढच्या खेपेस आम्ही चार पाद पाडले, आणि दिवसांऐवजी महिन्यांचे अंतर ठेवले.

पहिला पाद बाजाराच्या पिशवीचा. हा सर्वांत सोपा, कारण पर्याय फुकट आहे. जुन्या साडीच्या आणि चादरीच्या पिशव्या शिवून दाराच्या खुंटीवर, गाडीच्या डिकीत आणि प्रत्येकाच्या कामाच्या झोळ्यात एकेक ठेवली. पिशवी घेतली जाते ती गरजेपेक्षा विसराळूपणाने. मुंबईहून रात्रीच्या लोकलने परतणाऱ्याच्या झोळ्यात ती असली पाहिजे. मासळीसाठी झाकणाचा डबा न्यावा. येथे एक सावधगिरी: कापडासारखी दिसणारी, छापील नक्षीची, दाबून केलेली जी पिशवी दुकानांतून मिळते ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनचीच असते. धागा उसवून पाहिला की विणलेल्या कापडातील फरक मुलांनाही कळतो.

दुसरा पाद पाण्याच्या बाटलीचा आणि डब्याचा. येथे घाई न करता, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा प्रथम सुटीच्या दिवशी घरी वापरून पाहावा, मगच तो दप्तरात जावा. तान्हे मूल असेल तर वाटीचमचा किंवा आजीच्या काळचे बोंडले बाहेर काढावे. वाटीने दूध पाजण्याचा सल्ला आधुनिक बालरोगतज्ज्ञही देतात. गरम अन्न प्लास्टिकमध्ये घालावयाचे नाही, एवढा एक नियम जरी रुग्णाच्या घरी पोहोचला तरी या पादाचे मुख्य काम झाले.

तिसरा पाद वाढदिवसाचा आणि सणांचा. मुलांना हाच सर्वांत जड जातो, कारण त्यात चारचौघांत वेगळे दिसण्याची भीती असते. म्हणून निर्णय त्यांच्यावर लादू नये. पर्याय त्यांच्या हातून करवून घ्यावेत. गणपतीचे मखर पुठ्ठ्याचे आणि कापडाचे मुलांनीच केले की थर्माकोलची आठवण राहत नाही. पाहुण्यांसाठी पळसाच्या पत्रावळी व द्रोण आहेतच. कोकणात गावकीची भांडी असत. कार्य असेल त्याने ती न्यावीत, घासून परत करावीत. आमच्या इमारतीतील काही कुटुंबांनी वर्गणी काढून पन्नास ताटे-वाट्या-पेले घेतले आहेत, आणि ते क्वचितच कपाटात असतात.

चौथा पाद पाकिटांचा, आणि तो पूर्ण सुटत नाही हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बिस्किटे आणि वेफर्स यांचे पाकीट अनेक थरांचे असते. भंगारवालाही ते घेत नाही. परंतु येथे दोन अपथ्ये एकाच वेळी सुटतात. कुरमुऱ्यांचा चिवडा, शेंगदाणे-गूळ, राजगिऱ्याचा लाडू डब्यात आला की पाकीटही गेले आणि त्यातील मैदा-मीठही गेले. दुधाची पिशवी सध्या टळत नाही. ती कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, लटकता ठेवावा, कारण तो तुकडा सुटला की कोणाच्याच हाती लागत नाही. पिशवी धुऊन, वाळवून सुक्या कचऱ्यात द्यावी. तान्ह्याचे लंगोट दिवसा सुती, रात्री वा प्रवासात तयार, अशी तडजोडही आम्ही दोषास्पद मानत नाही.

या सर्वांत एक गोष्ट डोळ्यांआड होऊ नये. धुणे, वाळवणे, शिवणे, डबे भरणे हे सारे काम घरातील स्त्रीच्या माथी मारून पुरुषाने पर्यावरणावर व्याख्यान द्यावे, असे होणार असेल तर तो क्रम टिकणार नाही आणि टिकूही नये. आमच्या घरी बाटल्या घासणे आणि पिशव्या वाळवणे हे काम मुलांचे व आमचे आहे, हे त्या दुसऱ्या खेपेच्या यशाचे खरे कारण आहे.

आता घराकडून दवाखान्याकडे येऊ. एका आठवड्याचा सुका कचरा आम्ही घरचा वेगळा आणि दवाखान्याचा वेगळा ठेवला होता. मोजणी मुलांनीच केली. दवाखान्याचे पोते मोठे निघाले: चूर्णांच्या झिपच्या पिशव्या, गोळ्यांच्या पुड्या, मापाचे चमचे, आणि औषधे घालून दिलेल्या पिशव्या. औषधांच्या वेष्टनाला २०१८च्या बंदीतून सूट आहे, आणि ती सकारण आहे. कोकणातील पावसाळ्यात लवणभास्करासारखे चूर्ण कागदात टिकत नाही. ओल धरलेले औषध देणे हा रुग्णाचा अपराध ठरेल. परवानाप्राप्त औषध मूळ वेष्टनातूनच द्यावयाचे, हेही निर्विवाद आहे. परंतु सूट म्हणजे निर्दोषत्व नव्हे. औषध ज्या पिशवीत घालून दिले जाते त्या पिशवीला औषधाची सूट लागू होत नाही.

येथेही पादांशिक क्रमच घ्यावा. काउंटरवरची पिशवी प्रथम बंद करावी. रुग्णाला कापडी पिशवी आणण्यास सांगावे, नसेल तेथे साधी कागदी द्यावी. त्यानंतर काढे व घरी तयार केलेली तेले यांसाठी रुग्णाने स्वच्छ, कोरडी काचेची बाटली आणावी. पूर्वी दवाखान्यात येताना बाटली घेऊन येणे ही रीतच होती, आणि मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी तिच्यावर चिकटविली जाई. मग उन्हाळ्या-हिवाळ्यात चार-आठ दिवसांचे चूर्ण कागदी पुड्यांतून द्यावे. कागद कोरा असावा, वर्तमानपत्राचा नव्हे, कारण छपाईची शाई अन्नाला लागू नये असा इशारा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच दिला आहे. शेवटी, घाऊक मागणी नोंदविताना एका मात्रेच्या पाकिटांऐवजी मोठ्या बाटल्यांची मागणी करावी. औषधी दुकानदारांची मागणी बदलली तर उत्पादकांची वेष्टने बदलतील. पुराणिक घराण्याने १८७२ साली श्री धूतपापेश्वरची स्थापना ज्या पनवेलमध्ये केली, तेथील वैद्य व औषधविक्रेत्यांनी या मागणीत पुढे असावे, अशी अपेक्षा अवाजवी नाही.

‘एका घराने पिशवी सोडून काय होणार?’ हा प्रश्न आम्हांसही विचारला जातो. चरकाच्या विमानस्थानात, जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव बिघडले की भिन्न प्रकृतीची माणसेही एकाच वेळी आजारी पडतात, असे म्हटले आहे. आणि या बिघाडाचे मूळ शोधत आत्रेय शेवटी प्रज्ञापराधापाशी येऊन थांबतात. जे कळते पण वळत नाही, ते तेथे मोडते. प्रज्ञापराध मात्र एकेका माणसाचा असतो, आणि त्याची चिकित्साही एकेका घरातच सुरू होते. नदी एका घराने स्वच्छ होणार नाही हे खरे. पण वैद्याचे घर आणि वैद्याचा दवाखाना रोज अनेक घरांच्या नजरेस पडतो, हेही तितकेच खरे.

या त्रैमासिकाचे वर्षात चार अंक निघतात आणि पादही चारच आहेत. प्रत्येक अंकागणिक एक पाद, असा संकल्प वाचक वैद्यबंधुभगिनींनी व औषधी दुकानदारांनी घरी आणि व्यवसायाच्या जागी करावा, अशी आमची विनंती आहे. आरंभ म्हणून उद्याच्या पहिल्या रुग्णाच्या कागदावर आहाराखाली एक ओळ वाढवावी: ‘पात्र कोणते?’ उत्तर ऐकून घेण्यास अर्धे मिनिट लागते.