आपले घर आपणच मोजू
देवरीतील घरमालकांच्या चळवळीचा जाहीरनामा

आम्ही देवरीचे लोक. महामार्गाच्या दोन्ही अंगांना आमची वस्ती आहे. कुणाचे घर स्लॅबचे, कुणाचे टिनाचे, कुणाचे अजून मातीच्या भिंतींचे आणि कवेलूंचे. ग्रामपंचायत होती तोवर घरटॅक्सचा हिशेब वेगळा होता. नगरपंचायत आली आणि 1965 चा नगरपरिषद अधिनियम आमच्या उंबऱ्याशी आला. तो आम्ही वाचायला घेतला आहे. यापुढे आमच्या घराची आकारणी आम्ही स्वतः तपासू, आणि ती चुकली असेल तर स्वतःच्या सहीने हरकत घेऊ.

टॅक्स बुडवणे हा आमचा हेतू नाही. नाल्या, दिवाबत्ती, नळाचे पाणी यांना पैसा लागतो आणि तो आम्ही देणार. मोजल्यावर घर नोंदीपेक्षा मोठे निघाले तर तेही लिहून देऊ. ज्याला हे मान्य नसेल, त्याने या चळवळीत येऊ नये.

हिशेब कुणालाही समजेल असा आहे. घराला वर्षाकाठी किती भाडे येऊ शकेल ते ठरवतात, दुरुस्तीपोटी त्यातून दहा टक्के वजा करतात. उरते ते करयोग्य मूल्य. समजा, दर चौरस मीटरला महिन्याचे भाडे 10 रुपये धरले. 40 चौरस मीटरच्या घराचे करयोग्य मूल्य 4,320 रुपये होते. नोंदीत तेच घर 52 चौरस मीटर पडले, तर 5,616. भिंत जागची हलली नाही, पण मूल्य 1,296 रुपयांनी चढले. आकारणीची फेरतपासणी चार वर्षांनी होते, म्हणजे चूकही तेवढी वर्षे भरत राहायची.

मोजमापाखेरीज इतरही जागा बघायच्या. कवेलूंच्या छपराला स्लॅब लिहिले आहे का? पडून गेलेला गोठा यादीत अजून उभा आहे का? स्वतः राहतो ते घर भाड्याचे, किंवा समोरच्या एका खोलीत दुकान म्हणून सगळेच घर व्यापारी दाखवले आहे का? बांधकामाचे वर्ष कोणते धरले? माप भिंतींसह घेतले की आतून? ही उत्तरे घरात राहणाऱ्याइतकी नेमकी दुसरा कोण देणार? घर बाईच्या नावे असेल तर फीत तिच्या हाती असावी आणि सुनावणीत तिनेच बोलावे, असा आमचा आग्रह आहे.

कलम 118 प्रमाणे आकारणीची यादी प्रसिद्ध होते. ती बघायला आणि उतरवून घ्यायला पैसे लागत नाहीत. कलम 119 प्रमाणे हरकतीसाठी मुदत मिळते, आणि ज्याचा कर वाढला किंवा नव्याने बसला त्याला वेगळी नोटीस द्यावी लागते. ही मुदत फार मोलाची आहे. पुढे अपिलाची वाट आहे, पण त्यासाठी आधी लेखी हरकत घेतलेली असावी लागते आणि मागितलेली रक्कम भरावी लागते. तोंडी तक्रार करून घरी परतणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. मोजणीचा कागद मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर तो मागता येतो.

आकारणी तपासून घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. 1927 साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यात बारडोलीच्या शेतकऱ्यांवर 22 टक्के सारावाढ लादली होती. 1928 च्या सत्याग्रहानंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल हे दोन अधिकारी गावोगाव फिरले. ज्या खंडाच्या आकड्यांवर वाढ उभी होती ते नीट तपासलेच नव्हते, हे त्यांना दिसले. वाढ जेमतेम सहा टक्क्यांवर आली. सत्याग्रहाचे धैर्य सगळ्यांना आठवते. त्यातली तपासणी आम्हाला तितकीच महत्त्वाची वाटते.

या कामात दलाल नको, आणि कुणा पुढाऱ्याची चिठ्ठीही नको. चिठ्ठीने कमी झालेला कर शेजाऱ्याच्या डोक्यावर जातो. प्रत्येक प्रभागात मोजायला येणारे, आकडेमोड करणारे आणि अर्ज लिहून देणारे लोक आम्ही उभे करू. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज त्यांना मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घेणार नाही. प्रत्येक अर्जाची पोच शिक्क्यासह घेऊ.

ज्यांच्या हाती नोटीस पडली आहे, त्यांची घरे आधी मोजायची. नोटीस, मागच्या वर्षीची पावती आणि बांधकामाचा असेल तो कागद काढून ठेवा. फीत आम्ही आणतो.