बुजरा घोडा आणि चाबूक

वाटेंत गाढव आडवें येऊन घोडा बुजला, कीं मालक प्रथम चाबूक उगारतो. ही रीत आम्हांस सर्वस्वी चुकीची वाटते. अनोळखी जनावर दिसतांच पळणें हा घोड्याचा उपजत स्वभाव होय. त्यांत फटका बसला, म्हणजे गाढव आणि वेदना यांची गांठ त्याच्या मनांत पक्की होते.

नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत घोडे व गाढवें दोन्ही विक्रीस येतात. छत्रपती संभाजीनगराकडून तेथें घोडा नेणाऱ्यानें आधीं घरींच एखादें शांत गाढव दूर बांधावें, घोड्यास तें पाहूं व हुंगूं द्यावें, आणि अंतर रोज थोडें कमी करावें. शेजाऱ्याकडे गाढव मागावयास संकोच वाटतो खरा. परंतु भरबाजारांत सुटलेल्या घोड्यामागें धावण्याहून तो बरा.