विश्लेषण : इमारतीची अग्निशमन यंत्रणा बंद पडली, तर पहारा कुणाचा? तात्पुरते ‘फायर वॉच’ रक्षक नेमताना काय पाहावे?

सांगली, मिरज, सातारा, कराडमध्ये सात-आठ मजली इमारती आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. त्यांत पंप, होज रील, धूर ओळखणारे डिटेक्टर आणि अलार्म बसवलेले असतात. पण पंप जळाला, टाकीची दुरुस्ती निघाली किंवा अलार्मचे पॅनल बिघडले, की यंत्रणा काही दिवस बंद राहते. इमारत मात्र रिकामी होत नाही. रुग्णालयात रुग्ण असतात, वसतिगृहात मुले झोपलेली असतात. या मधल्या दिवसांसाठी तात्पुरते रक्षक नेमण्याची पद्धत मोठ्या शहरांत वापरली जाते. ती नेमकी काय आहे आणि आपल्याकडे कितपत उपयोगी आहे?

‘फायर वॉच’ म्हणजे काय?

जे काम डिटेक्टर आणि अलार्म करतात, ते ठरावीक काळापुरते माणसाने करणे म्हणजे फायर वॉच. हा रक्षक ठरलेल्या मार्गाने सतत फेरी मारतो. धूर, जळका वास, तापलेली वायर किंवा अडवलेला जिना दिसला की लगेच कळवतो. आग दिसली तर रहिवाशांना जागे करतो आणि १०१ वर फोन करतो. प्रत्येक फेरीची वेळ वहीत लिहितो.

त्याची गरज कधी पडते?

अमेरिकेतील ‘एनएफपीए’ या संस्थेच्या मानकांनुसार, २४ तासांत ४ तासांपेक्षा जास्त वेळ अलार्म बंद राहणार असेल, तर इमारत रिकामी करावी किंवा फायर वॉच ठेवावा. स्प्रिंकलरसाठी ही मर्यादा १० तासांची आहे. वेल्डिंग किंवा गॅस कटिंगचे काम संपल्यावरही किमान एक तास तिथे लक्ष ठेवावे, असे याच संस्थेचे मानक सांगते. कारण भुशात किंवा थर्माकोलमध्ये पडलेली ठिणगी लगेच पेटत नाही, धुमसत राहते. ही मानके आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण मोजमाप म्हणून उपयोगी आहेत.

महाराष्ट्रातील कायदा काय सांगतो?

‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ नुसार यंत्रणा सर्वकाळ सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते.

खरी अडचण इथेच आहे. फॉर्म बी हा तपासणीच्या दिवसाचा दाखला असतो. जुलैमध्ये प्रमाणपत्र दिले आणि ऑगस्टमध्ये पंप जळाला, तर फाइलमधला कागद जानेवारीपर्यंत ठीक दिसतो. प्रत्यक्षात इमारतीला संरक्षण नसते. फायर वॉच ही फट काही दिवस भरून काढतो. मात्र रक्षक नेमला म्हणून मालकाची किंवा सोसायटीची जबाबदारी संपत नाही.

नेहमीचा वॉचमन हे काम करू शकतो का?

गेट सांभाळत करू शकत नाही. गाड्यांची नोंद, पाण्याची मोटर, पार्सल आणि पाहुणे ही कामे त्याला एका जागी बांधून ठेवतात. आग मात्र सहाव्या मजल्यावरच्या मीटरपाशी लागते. फायर वॉचच्या रक्षकाला त्या पाळीत दुसरे काम नसावे, ही पहिली अट.

दुसरा प्रश्न प्रशिक्षणाचा. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्याखालील नमुना नियमांत रक्षकासाठी किमान १०० तास वर्गातील आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले आहे. अग्निशमन हा त्यातील एक विषय आहे. पण तुमच्या इमारतीचा मेन स्विच कुठे आहे, गच्चीची किल्ली कुणाकडे असते, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेली व्यक्ती आहे, हे कोणत्याही वर्गात शिकवले जात नाही. ते पहिल्या पाळीआधी सोसायटीनेच दाखवावे लागते.

किती माणसे लागतात?

हा साधा हिशोब आहे. आठवड्याचे १६८ तास. एका माणसाचे ४८ तास धरले, तर एका जागेवर चोवीस तास पहारा ठेवायला साडेतीन, म्हणजे प्रत्यक्षात चार माणसे लागतात. ‘दोन माणसे, बारा-बारा तास’ हा प्रस्ताव स्वस्त वाटतो, पण पहाटे तीन वाजता सतत फिरण्याची अपेक्षा त्याच थकलेल्या माणसाकडून असते.

फेरीचाही हिशोब करा. दहा मजले, प्रत्येकी दोन मिनिटे, शिवाय गच्ची आणि पार्किंग धरले तर एक फेरी जवळपास अर्ध्या तासाची होते. म्हणजे एखाद्या मजल्यावर नुकतीच सुरू झालेली आग अर्धा तास कुणाला दिसणार नाही, असेही होऊ शकते. डिटेक्टर थकत नाही, रक्षक थकतो. म्हणून मोठ्या इमारतीत एक रक्षक पुरत नाही.

रक्षकाने आग विझवायची का?

त्याचे पहिले काम इशारा देणे हे आहे. आग अगदी लहान असेल, मागे बाहेर पडण्याची वाट मोकळी असेल आणि सिलिंडर वापरता येत असेल, तरच प्रयत्न करावा. २२ ऑक्टोबर २०२१ रोजी मुंबईत करी रोड येथील अविघ्न पार्क इमारतीच्या १९व्या मजल्यावर आग लागली. तिथे अडकलेल्या सुरक्षारक्षकाचा बाल्कनीतून पडून मृत्यू झाला. काय करायचे, याइतकेच काय करायचे नाही, हेही लेखी सांगितले पाहिजे. टॉर्च, शिट्टी, चार्ज असलेला फोन आणि सर्व किल्ल्या नसतील, तर त्या माणसाला आपण फक्त धोक्यात उभे करतो.

सातारा-सांगलीत हा उपाय कुठे लागू पडतो?

सर्वात आधी रुग्णालयांत. मिरज-सांगलीत राज्याबाहेरूनही रुग्ण येतात. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बालकांचा मृत्यू झाला. ही आग मध्यरात्रीनंतर लागली होती. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगर जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण दगावले. जो रुग्ण स्वतः पळू शकत नाही, त्याच्यासाठी लवकर मिळालेली काही मिनिटे हाच बचाव असतो. त्यानंतर मंगल कार्यालये, वसतिगृहे, कोल्ड स्टोरेज, एमआयडीसीतील गोदामे आणि साखर कारखान्यांचे बगॅसचे ढीग येतात.

प्रत्येक ठिकाणी मात्र रक्षक हे उत्तर नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये विट्यात दुकानाला लागलेल्या आगीत वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातील चौघांचा मृत्यू झाला. खाली दुकान आणि वर घर, अशी रचना आपल्या प्रत्येक बाजारपेठेत आहे. तिथे गरज आहे ती धुराच्या अलार्मची, सुस्थितीतील वायरिंगची आणि बाहेर पडण्याच्या दुसऱ्या वाटेची.

‘तात्पुरते’ किती दिवस?

लंडनमधील ग्रेनफेल टॉवरच्या आगीत १४ जून २०१७ रोजी ७२ जणांचा बळी गेला. त्यानंतर ज्वलनशील आवरण असलेल्या अनेक इमारतींत चोवीस तास पहारा सुरू झाला. तो महिनोन्महिने चालला आणि अनेक ठिकाणी खर्च रहिवाशांवर पडला. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये ब्रिटिश सरकारने ३ कोटी पौंडांचा निधी जाहीर केला. तो रक्षकांसाठी नव्हता, तर त्यांची गरज संपावी म्हणून अलार्म बसवण्यासाठी होता.

सोसायटी किंवा संस्थेने काय लिहून घ्यावे?

• यंत्रणेचा कोणता भाग बंद आहे आणि तो कोणत्या तारखेला सुरू होणार?
• स्थानिक अग्निशमन दलाला लेखी कळवले आहे का?
• एजन्सीकडे वैध परवाना आहे का? वेतन, पीएफ, ईएसआय आणि जीएसटी बिलात वेगळे दाखवले आहेत का?
• फेरीचा मार्ग, वेळ आणि नोंदवही ठरली आहे का? ती रोज कोण तपासणार?
• रात्री रक्षक कुणाला उठवणार? त्या व्यक्तींचे फोन नंबर त्याच्याकडे आहेत का?

यात पहिला प्रश्न सर्वात महत्त्वाचा. दुरुस्तीची तारीखच नसेल, तर रक्षकाचा दरमहा खर्च सुरू राहतो आणि पंप तसाच बंद राहतो. त्यामुळे रक्षकाचे कंत्राट आणि दुरुस्तीची वर्क ऑर्डर एकाच सभेत, एकाच दिवशी मंजूर करून घ्यावी.